दारू, वजन आणि मेंदूचा झटका : रक्तदाबाचा दुवा

रक्तदाब वाढलेला आढळला की डॉक्टर औषध लिहून देण्याआधी दोन प्रश्न हमखास विचारतात : मद्यपान किती आहे आणि वजन किती आहे. बहुतेकांना हे प्रश्न उपचाराचा भाग वाटत नाहीत, उपदेशाची प्रस्तावना वाटते, आणि म्हणून त्यांची उत्तरेही थोडी हातचे राखूनच दिली जातात. वास्तविक या दोन प्रश्नांमागे नीतीचा नव्हे, तर शरीरशास्त्राचा विचार आहे. मद्य आणि वाढलेले वजन या दोन्ही गोष्टी मेंदूपर्यंत पोहोचतात त्या मुख्यतः रक्तदाबाच्याच वाटेने. दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळतो, त्याची बेरीज होते, आणि ती बेरीज दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर मोजता येते. हा दुवा नीट समजला तर डॉक्टर कोणत्या आकड्याकडे आणि का पाहत आहेत, हेही समजते.

आधी झटक्याविषयी. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो, आणि त्याच्याकडे साठा असा जवळजवळ नसतोच. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर काही मिनिटांत तेथील पेशी मरू लागतात. हा पुरवठा दोन प्रकारे तुटतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून वाट बंद होते, हा अधिक आढळणारा प्रकार; जगभरातील नव्या झटक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश झटके या प्रकारचे असतात. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो. हा प्रकार संख्येने कमी असला तरी अधिक घातक असतो. बोलीभाषेत दोन्हींना लकवा किंवा पक्षाघात म्हटले जाते, परंतु मद्य आणि वजन यांचा विचार करताना हे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात, कारण दोन्ही गोष्टींचा त्यांच्यावरील परिणाम सारखा नाही.

रक्तदाब मात्र दोन्ही प्रकारांच्या मुळाशी आहे. धमनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे जास्त दाब पडत राहिला की मोठ्या धमन्यांत चरबीचे थर साचण्याची गती वाढते. आणि मेंदूच्या खोल भागांत शिरणाऱ्या, केसासारख्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड, कडक आणि ठिसूळ होतात. अशी बारीक धमनी आतून अरुंद होत बंद पडते किंवा एखाद्या दिवशी फुटते. एकाच आजारी धमनीची ही दोन टोके आहेत. हे नुकसान होत असताना काहीही जाणवत नाही, हा त्यातील सर्वांत फसवा भाग; ‘मला काही त्रास होत नाही’ हे वाक्य उच्च रक्तदाबाच्या बाबतीत कोणताच पुरावा ठरत नाही.

दाब आणि झटका यांचे नाते किती घट्ट आहे, याचे सर्वांत स्पष्ट चित्र २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले. ६१ अभ्यासांतील दहा लाख प्रौढांच्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. ४० ते ६९ या वयोगटात रक्तदाबाचा वरचा आकडा (हृदय आकुंचन पावतानाचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला) २० मिलिमीटरने जास्त असेल, तर झटक्याने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला, आणि हा चढ १४० पासून नव्हे, ११५ पासूनच सुरू होत होता. म्हणजे १४०/९० ही रेषा उपचाराच्या सोयीसाठी आखलेली आहे. तिच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोकादायक अशी फाळणी निसर्गाने केलेली नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की चार-पाच मिलिमीटरचा फरकही क्षुल्लक नाही. २० मिलिमीटरला दुप्पट, या हिशेबाने वरच्या आकड्यातील ५ मिलिमीटरची वाढ म्हणजे धोक्यात सुमारे एक पंचमांशाची भर होते. पुढे येणारे छोटे छोटे आकडे वाचताना हा हिशेब ध्यानात असू द्यावा.

आता मद्याकडे वळू. मद्य आणि रक्तदाब यांचा संबंध काही अलीकडे लागलेला शोध नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात कामिय लियाँ या फ्रेंच डॉक्टरने सैनिकांची तपासणी करताना पाहिले की भरपूर वाइन पिणाऱ्यांत वाढलेला रक्तदाब अधिक आढळतो, आणि १९१५ मध्ये त्याने तसे नोंदवून ठेवले. पुढची पाच-सहा दशके या नोंदीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही, हे वैद्यकाच्या इतिहासातले एक आश्चर्यच म्हणावे लागेल.

मद्याचे प्रमाण पेल्यांत मोजले की हिशेब चुकतो, कारण पेल्याला ठरलेले माप नसते. महत्त्वाचे आहे ते त्यातील शुद्ध अल्कोहोलचे वजन. ते काढणे सोपे आहे : पेयाचे मिलिलिटर, गुणिले त्यातील अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १००, आणि आलेल्या संख्येला ०.७९ ने गुणायचे. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल, १२.५ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, आणि ४० टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. ‘मी फक्त बिअरच घेतो’ असे म्हणण्यात एक दिलासा शोधलेला असतो. रक्तदाबाला मात्र अल्कोहोल कोणत्या बाटलीतून आले, याच्याशी विशेष देणेघेणे नसते.

किती मद्याने किती दाब वाढतो? सात दीर्घकालीन अभ्यासांतील १९,५४८ प्रौढांच्या नोंदींचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला सरासरी १२ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांचा वरचा आकडा काही वर्षांच्या अवधीत सुमारे १.२५ मिलिमीटरने, तर ४८ ग्रॅम घेणाऱ्यांचा सुमारे ४.९ मिलिमीटरने जास्त वाढला. कोणत्याही ‘सुरक्षित’ मात्रेपाशी रेषा सपाट झालेली दिसली नाही. यामागे एकच यंत्रणा नाही. मद्यामुळे शरीराला सदैव सज्ज ठेवणारी अनुकंपी मज्जासंस्था चेतवली जाते, ताणाच्या वेळी स्रवणारी संप्रेरके वाढतात, मिठाचे व पाण्याचे नियंत्रण करणारी मूत्रपिंडांशी निगडित यंत्रणा अधिक सक्रिय होते, आणि रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटते.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. मद्य घेतल्यावर चेहरा लाल होतो, अंग सैलावते, आणि त्या वेळी दाब मोजला तर तो कमीही भरतो; त्यावरून ‘दारूने बीपी उतरते’ असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. त्यांचे निरीक्षण खरे असते, पण ते वेळेआधीच थांबलेले असते. ३० ग्रॅमहून अधिक अल्कोहोल एका बैठकीत घेतले, तर पहिले साधारण १२ तास दाब उतरतो आणि त्यानंतर तो मूळ पातळीच्या वर चढतो. नाडीचा वेग मात्र २४ तासांपर्यंत वाढलेला राहतो. म्हणजे रात्री घेतलेल्या मद्याची चढती बाजू दुसऱ्या दिवशी सकाळ उलटता उलटता सुरू होते. सकाळच्या वेळी रक्तदाब तसाही नैसर्गिकरीत्या चढत असतो आणि मेंदूचे झटकेही दिवसाच्या इतर प्रहरांपेक्षा सकाळी अधिक येतात. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हा चढ रोजचाच होऊन बसतो.

‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली’ हा समज कसा तयार झाला, हेही सांगायला हवे, कारण तो केवळ सोयीचा समज नव्हता. बऱ्याच अभ्यासांत बेताने पिणाऱ्यांची प्रकृती अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा खरोखरच बरी दिसत होती. १९८८ मध्ये शेपर नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील पुरुषांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की न पिणाऱ्यांच्या गटात असे अनेक जण असतात, ज्यांनी आजारपणामुळे पिणे सोडलेले असते. आजारी माणसे एका गटात जमली की दुसरा गट आपोआपच निरोगी भासतो. हा पेच सोडवण्यासाठी पुढे जनुकांचा आधार घेण्यात आला. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत अशी जनुके असतात, की मद्य घेतल्यावर त्यांना मळमळ, धडधड आणि चेहऱ्याची आग होते, त्यामुळे ते आपसूकच कमी पितात. कोणाला कोणती जनुके मिळणार हे जन्माआधीच ठरते, त्याचा उत्पन्नाशी, शिक्षणाशी किंवा पुढील आजारपणाशी संबंध नसतो. म्हणून ही निसर्गानेच पाडलेली चिठ्ठी ठरते. चीनमधील पाच लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला असा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. जनुकांवरून अंदाजलेले मद्याचे प्रमाण जसे वाढत गेले, तसा रक्तदाब आणि झटक्याचा धोका सरळ वाढत गेला. थोड्या मद्याचे संरक्षण कुठेच दिसले नाही. आठवड्याला २८० ग्रॅम अल्कोहोलमागे गुठळीच्या झटक्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी, तर रक्तस्रावाचा सुमारे ५८ टक्क्यांनी वाढला. वर दिलेल्या हिशेबाने ६० मिलिलिटरचे दोन पेग रोज घेतले, की आठवड्याला सुमारे २६५ ग्रॅम होतातच. त्याच भागातील स्त्रिया फारशा पीत नव्हत्या, आणि त्यांच्यात हीच जनुके असूनही झटक्याच्या धोक्यात फरक पडला नाही. माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत पटणारा पुरावा हाच आहे, कारण दोष जनुकांचा नसून मद्याचा आहे, हे त्यातून वेगळे काढून दाखवता येते. अर्थात हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत हे नाते इतके स्पष्ट निघाले नाही, आणि जुन्या समजाचे धागे बहुधा तिथेच अडकून राहिले आहेत.

रक्तस्रावाचा धोका गुठळीपेक्षा इतका अधिक का, याचे एक कारण दाब आणि दुसरे रक्त. मोठ्या प्रमाणातील मद्य रक्त गोठवणाऱ्या पेशींवर आणि यकृतात तयार होणाऱ्या गोठण-घटकांवर परिणाम करते, त्यामुळे धमनी फुटली तर रक्त थांबणे कठीण जाते. याखेरीज मद्याची आणखी एक वाट हृदयातून जाते. हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन न पावता थरथरू लागले, तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्प्यांत रक्त साकळते, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. या विकारात झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो. सुट्टीच्या दिवसांत भरपूर पिऊन झाल्यावर हृदयाचा ताल बिघडलेले रुग्ण येतात, हे पाहून १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर फिलिप एटिंजर यांनी त्या स्थितीला ‘हॉलिडे हार्ट’ असे नावच दिले. एरवी आठवडाभर काही न घेता एका रात्रीत सगळी कसर भरून काढण्याची सवय या दृष्टीने विशेष वाईट.

वजनाची कथा संथ आहे, पण ती अधिक लोकांना लागू पडते. चरबी म्हणजे शरीराने बाजूला ठेवलेला निष्क्रिय साठा, अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात चरबीच्या पेशी संप्रेरके आणि इतर रसायने सतत सोडत असतात. त्यातले लेप्टिन हे संप्रेरक मेंदूमार्फत अनुकंपी मज्जासंस्थेला चेतवते. अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तवाहिन्या आकसणाऱ्या साखळीला कच्चा माल पुरवते. पोटाच्या आत साचलेली चरबी मूत्रपिंडांवर बाहेरून दाब देते, आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवू लागतात. रक्ताचे एकूण आकारमान वाढते, वाढलेल्या देहाला पुरवठा करण्यासाठी हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते, आणि दाब चढतो. येथे मद्याशी असलेले साम्य लक्षात येईल : चेतवलेली मज्जासंस्था आणि मीठ धरून ठेवणारी मूत्रपिंडे या दोन्ही ठिकाणी मद्य आणि चरबी एकाच दिशेने जोर लावतात.

२०१४ मध्ये ९७ अभ्यासांतील १८ लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून असे दिसले की बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक) ५ अंकांनी वाढला तर झटक्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत ५ अंक म्हणजे साधारण साडेचौदा किलो. त्याहून मोलाचा होता पुढचा हिशेब : या वाढीव धोक्यापैकी सुमारे ६५ टक्के वाटा एकट्या रक्तदाबाचा निघाला, आणि कोलेस्टेरॉल व रक्तशर्कराही मिळवली तर तो ७६ टक्क्यांपर्यंत गेला. हृदयविकारात रक्तदाबाचा हा वाटा केवळ ३१ टक्के होता. वजन मेंदूला इजा करते ती प्रामुख्याने दाब वाढवून, असे ठामपणे म्हणता येते ते यामुळेच. ज्याचे वजन लगेच उतरण्यासारखे नाही, त्याने निदान दाब औषधांनी काबूत ठेवला तरी वजनामुळे वाढलेल्या धोक्याचा मोठा भाग कमी करण्याची संधी त्याला मिळते.

मात्र बीएमआय हे ओबडधोबड माप आहे. ते स्नायू आणि चरबी यांत भेद करत नाही, आणि चरबी कुठे आहे हेही सांगत नाही. नितंब-मांड्यांवरील चरबीपेक्षा पोटाच्या आतली चरबी जास्त उपद्रवी असते, म्हणून कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही साधी कसोटी अनेकदा जास्त उपयोगी पडते. आशियाई लोकांत तर कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७.५ याच पातळ्यांवर सावध होण्याची सूचना केली आहे.

मद्य आणि वजन यांची गाठ पडते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण स्वयंपाकघराच्या हिशेबाचे : एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात, जवळजवळ चरबीइतक्या. अल्कोहोल साठवता येत नाही म्हणून शरीर ते आधी जाळते आणि तोवर चरबी जाळणे मागे ढकलते. त्यातच सोबतचे खाणे वाढते, कारण मद्याने पोट भरल्याची जाणीव होत नाही. दुसरे ठिकाण झोपेचे. गळ्याभोवती चरबी साचली की झोपेत श्वासनलिकेची वरची वाट वारंवार मिटते, माणूस जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, प्राणवायू घटतो आणि दचकून जाग येते. हा स्लीप अ‍ॅप्निया. प्रत्येक अडखळीबरोबर दाब उसळतो, आणि रात्री जो दाब विसावायला हवा तो विसावत नाही. झोपण्यापूर्वीचे मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि हा त्रास वाढवते. औषधे घेऊनही ज्यांचा दाब आटोक्यात येत नाही, त्यांनी ‘मी घोरतो का’ हा प्रश्न घरातल्यांना अवश्य विचारावा.

दोन्हींची खरोखर बेरीज होते का, की एक सुधारले म्हणजे दुसऱ्याला सूट मिळते? ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे इयन पडी, लॉरी बेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची प्रयोगाने परीक्षा घेतली. १९८५ मध्ये त्यांनी नियमित पिणाऱ्या निरोगी पुरुषांना सहा आठवडे नेहमीच्या बिअरऐवजी अल्प अल्कोहोलची बिअर दिली आणि दाब उतरल्याचे दाखवले. पुढे १९९२ मध्ये जास्त वजनाच्या, नियमित पिणाऱ्या पुरुषांचे चार गट केले : एकाने मद्य कमी करायचे, दुसऱ्याने आहार कमी करून वजन उतरवायचे, तिसऱ्याने दोन्ही करायचे, चौथ्याने काहीच बदलायचे नाही. दोन्ही उपायांचे परिणाम एकमेकांत मिळवले गेले आणि दोन्ही करणाऱ्यांचा दाब सर्वांत जास्त उतरला. ‘मी पितो, पण व्यायाम करून वजन ताब्यात ठेवतो’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. त्याने निम्मेच काम होते.

किती उतरते, याचे अंदाज साधारण असे आहेत. वजनात एक किलोची घट झाली तर वरचा आकडा सरासरी सुमारे १ मिलिमीटरने कमी होतो. दिवसाला सहाहून अधिक पेये (एका पेयात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल) घेणाऱ्यांनी ती निम्म्यावर आणली तर वरचा आकडा सुमारे साडेपाच मिलिमीटरने उतरतो. दोन किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत मात्र आणखी कमी केल्याने दाबात लक्षणीय फरक आढळलेला नाही. मद्याचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो, वजनाला महिने लागतात. वजनाच्या बाबतीत एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे : लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या स्वीडनमधील प्रसिद्ध अभ्यासात, सुरुवातीला उतरलेला दाब पुढे पुन्हा चढत गेला आणि दहा वर्षांनंतर नव्याने उच्च रक्तदाब होण्याच्या प्रमाणात फरक उरला नाही. वजन कमी राहिले तरी वय वाढत जाते. म्हणून वजन उतरल्यावर दाब तपासणे थांबवू नये, आणि गोळ्या तर स्वतःहून मुळीच बंद करू नयेत.

मोजण्याच्या पद्धतीतही वजन आणि मद्य दोन्ही घोळ घालतात. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यास वरचा आकडा सुमारे २० मिलिमीटरने जास्त येतो, असे २०२३ मधील एका अभ्यासात दिसले. उलट रात्री पिण्यानंतर लगेच मोजलेला दाब खोटा कमी असतो. म्हणून दंडाचा घेर मोजून पट्टा निवडावा, आणि नोंदी ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी मात्र रोज भरपूर पिणाऱ्यांसाठी आहे. अशा व्यक्तीने हा लेख वाचून आज रात्रीपासून एकदम सर्व बंद केले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत दाब आणि नाडी उसळणे, हातांना कंप, घाम, आकडी (फिट) येणे आणि भ्रमिष्टावस्था इथपर्यंत मजल जाऊ शकते, आणि ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. सकाळी न घेतल्यास हात थरथरतात, अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांनी मद्य सोडायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यासाठीची औषधे घेऊनच सोडावे. या दिवसांत वाढलेला दाब हा कायमचा दाब मानून औषधांची मात्रा ठरवू नये, हे डॉक्टर जाणतात. रुग्णाने फक्त आपण किती पीत होतो हे त्यांना खरे सांगायला हवे, ग्रॅमांत सांगता आले तर अधिकच चांगले.